बिबटे सोडणारी माणसं

माझ्या पीएच.डी.चा विषय भीती हा होता. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, त्यात 'सहअस्तित्व' वगैरे शब्द होते. पण गावात गेल्यावर मी एवढंच सांगायचे, की बिबट्या आल्यापासून तुम्हाला काय वाटतं ते विचारायला आलेय. बायका एकमेकींकडे बघायच्या. एक जण म्हणाली, "काय वाटायचंय? भ्याव वाटतं. लिहून घे अन् जा घरी, दिस मावळाय लागला."

आमच्या विद्यापीठात दोनेक वर्षांत बाहेरची समिती पाहणीला येणार होती. कुठल्या विभागाने काय संशोधन केलं, ते लोकांच्या किती उपयोगाचं, हे तिला दाखवायचं होतं. त्यामुळे दोन-दोन विभागांनी मिळून प्रकल्प करावेत असा आदेश निघाला. गोदाकाठच्या उसात बिबटे दिसायला लागले होतेच. प्राणिशास्त्रवाल्यांनी बिबट्या बघायचा आणि आम्ही समाजशास्त्रवाल्यांनी माणसं, असं ठरलं. मी गेवराई तालुक्यातली, म्हणून काम माझ्याकडे आलं.

तलवाड्याजवळच्या एका लहान गावात, बौद्ध वस्तीत मी वाढले. वडील एसटीत कंडक्टर होते, आता घरी असतात. आई अजूनही ओढ्याकाठच्या आमच्या तुकड्यात खुरपायला जाते. विषय ऐकल्यावर ती विळा खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"दुसरा काही विषय न्हाई भेटला का? शाळंचा घे, दवाखान्याचा घे. वाघाचा कावून?"

"आई, वाघ नाही. बिबट्या."

"मंग तर बरंच झालं," आई म्हणाली. "बिबट्या काय शेळीवानी पाला खातो का?"

दुसऱ्या दिवशी वडिलांनी आपली जुनी बॅटरी काढून तिला नवे सेल घालून माझ्या पिशवीत ठेवली.

प्रकल्पातला दुसरा संशोधक प्राणिशास्त्राचा. बीड शहरातला, मुसलमान घरातला. त्याच्या अब्बांचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. तो माझ्याहून थोडा मोठा, त्याचं लग्न झालेलं, घरात लहान मुलगी. मी त्याला भाई म्हणायचे आणि तो मला ताई. तो कमी बोलायचा. वनखात्याच्या परवानगीचं पत्र प्लास्टिकमध्ये घालून कायम शर्टाच्या खिशात ठेवायचा. कुठल्याही गावात गेलो की मोटारसायकल आधी वळवून, तिचं तोंड गावाबाहेर करून लावायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "सवय आहे, ताई." मी पुन्हा विचारलं नाही.

त्याचं काम कॅमेऱ्यांचं होतं. हिरवट रंगाचे लहान डबे असायचे ते. पट्ट्याने बाभळीला किंवा लिंबाला बांधायचे. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघायचा. त्यात कुत्री यायची, रानडुकरं यायची, एकदा तरस आलं आणि बऱ्याचदा डोक्यावर भारा घेतलेल्या बायका यायच्या. बायकांचे फोटो भाई तिथल्या तिथे पुसून टाकायचा. बिबट्याचा पहिला फोटो मिळाला तेव्हा तो मोबाइलवर लावून आम्ही दोघं बांधावरच बसलो. पाटाच्या कडेने तो चालला होता. मान खाली, कुणाच्या तरी रोजच्या वाटेने, वाट सवयीची असल्यासारखा. भाई हळूच म्हणाला, "किती देखणा आहे!" मला तो देखणा दिसला. आणि त्याच वेळी मला आईचा पाठमोरा आकार दिसला, ओढ्याकाठी वाकून खुरपणारा.

माझं काम दारोदार फिरायचं. भीती किती वाटते, थोडी, मध्यम की खूप, असं विचारायचं होतं. त्या तीन शब्दांत काहीच मावत नव्हतं. एका माणसाने सांगितलं, लाईट रात्रीची असली की तो पाणी धरायला जाताना मोबाइलवर मोठ्याने कीर्तन लावतो, आणि कीर्तनातले महाराज श्वास घ्यायला थांबले की त्याचं काळीज थांबतं. एका बाईने सांगितलं, घरात संडास बांधलाय पण पाणी नसतं, म्हणून आता गल्लीतल्या सगळ्या बाया एकाच वेळी जातात. एखादीचं पोट बिघडलं तर बाकीच्यांना उठवायला लाज वाटते. ती सांगताना हसत होती. मी मान खाली घालून लिहीत होते, कारण आमच्या वस्तीतही तसंच होतं. मी लोकांची भीती लिहायला गेले होते आणि ती रोज थोडी थोडी माझ्याबरोबर घरी यायला लागली.

एकदा दुपारी आम्ही एका शेतातल्या कॅमेऱ्याचं कार्ड बदलायला गेलो. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला, मधे पाण्याच्या चारीची ओली वाट. भाई पुढे, मी मागे. लिंबापाशी पोचलो, कार्ड बदललं, बॅटरी तपासली. गप्पाही मारल्या. मग त्याच वाटेने परत निघालो. चिखलात आमची येतानाची पावलं उमटलेली होती. माझ्या चपलेचा ठसा मी ओळखला, टाचेला झिजलेला. त्या ठशाच्या मधोमध, त्याला दाबून, एक गोल पंजा उमटला होता. कडा अजून ओल्या होत्या, पाणी हळूहळू आत झिरपत होतं.

मी नुसतं बोट दाखवलं. भाई खाली बसला, बघितलं, उठला.

"ताई, पळायचं नाही. हळू चाला. माझ्याशी बोलत चाला."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा."

मी तेराचा पाढा म्हणायला लागले आणि तेरा सख अठ्ठ्याहत्तरला अडकले. उसात वाऱ्याने पानं घासत होती. तो आवाज आधीही होता, पण आता प्रत्येक सळसळीला एक अंग होतं, डोळे होते. वाट रस्त्याला लागेपर्यंत भाईने माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. गाडीवर बसल्यावर मला त्याची पाठ घामाने भिजलेली दिसली. तो बिबट्याबद्दल इतकं शिकलेला, आणि त्यालाही माझ्याइतकीच भीती वाटली होती. त्याने मला बरं वाटलं की आणखी भीती वाटली, हे आज सांगता येणार नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर आई रानात निघाली की मी काहीतरी काम काढून तिच्यासोबत जायचे.

वर्षभराने आमचा पेपर छापून आला. इंग्रजी नियतकालिक होतं, बाहेरदेशातलं. विद्यापीठात कौतुक झालं. समितीपुढे जे संशोधन मांडायचं होतं त्यात आमचं नाव वरती लागलं. प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांवर आमचा फोटो काढला, विद्यापीठाने वर्तमानपत्रांना बातमी दिली. पेपरात एक नकाशा होता. गोदाकाठच्या गावांचा, आणि जिथे जिथे बिबट्याच्या खुणा मिळाल्या तिथे तांबडे ठिपके. माझ्या वडिलांनी ती बातमी कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. भाईच्या अब्बांनी गॅरेजमध्ये पेढे वाटले.

मग तो नकाशा बातमीतून सुटला आणि मोबाइलवर फिरायला लागला. आधी नुसता नकाशा. नंतर कुणीतरी त्याच्यावर बाण काढले. मग खाली ओळ आली, की विद्यापीठाने ह्या ठिकाणी बिबटे सोडलेत, सावध राहा, सर्व ग्रुपवर पाठवा. आमच्या पायऱ्यांवरच्या फोटोभोवती लाल गोल होता. तो मेसेज मला माझ्याच मावसभावाने पाठवला. सोबत विचारलं होतं, "दीदी, खरं हाय का हे?"

मी त्याला फोन करून समजावलं. तो हो हो म्हणाला. शेवटी म्हणाला, "पर दीदी, आधी न्हवते ना वाघ. तुमी यायला लागलात अन् मंग निघाले." मी त्याला सांगितलं, की आधी एवढा ऊस नव्हता. पाणी आलं, ऊस आला, उसात रानडुकरं आली, त्यांच्यामागे बिबट्या आला. तो ऐकत होता. पण मला फोनवरही कळत होतं, की माझं सांगणं लांब आहे आणि तो मेसेज आखूड आहे.

त्याच आठवड्यात एका गावात गवत कापणाऱ्या बाईवर बिबट्याने झडप घातली. खांदा फाटला. ती वाचली, पण तिचा रक्ताळलेला फोटो आणि आमचा नकाशा आता जोडीने फिरायला लागले. माझ्या प्रबंधाच्या आणि ह्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "काम थांबवा. कॅमेरे काढून आणा. दिवसाउजेडी जा, वनखात्याचा माणूस सोबत घ्या, आणि लगेच परत या."

वनरक्षकाने सकाळी फोनवर सांगितलं, की तुम्ही पुढे व्हा, मी पिंजरा लावायच्या कामात आहे, पोचतोच. आम्ही पुढे झालो. उरलेले कॅमेरे एकाच गावाच्या शिवारात होते. ते गाव माझं चांगलं ओळखीचं. तिथल्या कितीतरी घरांत मी चहा प्यायले होते. शिवारात काही अडलं नाही. कॅमेरे काढून भाईने ते सॅकमध्ये भरले, सॅक पाठीला लावली. परत निघायला रस्ता गावातूनच होता.

मारुतीच्या पारापाशी बैलगाडी आडवी लावलेली दिसली. आधी वाटलं, सहज असेल. भाईने गाडी हळू केली. पारावरची माणसं उठली. मागे वळून बघितलं तर मागेही माणसं होती.

"काय हाय बे त्या पिशवीत?" पुढच्या एकाने विचारलं.

"कॅमेरे आहेत. फॉरेस्टची परवानगी आहे," भाई म्हणाला आणि खिशातलं पत्र काढलं.

कुणी ते पत्र घेतलं नाही. "पिशवीत पिल्लं आणतेत," मागून कुणीतरी ओरडलं. "रानात सोडून फोटो काढतेत. सरकार पैशे देतं त्यान्ला."

भाईने सॅक उघडून दाखवली. एक डबा हातात धरून तो सांगायला लागला, हे बघा, हे असं असतं, ही काच, हे कार्ड. त्याचा आवाज शिकवण्याच्या तासाला असतो तसा होता. त्याच्या हातून एकाने डबा ओढून घेतला आणि पाराच्या कट्ट्यावर आपटला. प्लास्टिक फुटल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजाने सगळं बदललं. एक वस्तू फुटली की पुढची फोडायला कुणाला विचारावं लागत नाही.

गर्दीत माझ्या ओळखीचे चेहरे होते. कीर्तन लावून पाणी धरणारा तो माणूस होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान वळवली नाही, नुसते डोळे खाली घातले. मागे एकदा मी एका सुनेशी बोलायला गेले तेव्हा तिच्या सासऱ्याने मला वानवळा म्हणून शेंगा दिल्या होत्या, तो गर्दीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि मग दिसेनासा झाला. उसातल्या त्या दुपारी मला वाटलं होतं, याहून मोठी भीती नसते. ती असते. जनावर तुम्हाला ओळखत नसतं.

"नाव काय तुझं?" भाईला कुणीतरी विचारलं.

मला वाटलं, आता नको. काहीतरी दुसरं सांग. नुसतं पहिलं सांग. भाईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, अब्बांच्या नावासकट.

मग गर्दीच्या आत खोलवर काहीतरी सरकलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी घोषणा दिली नाही. नुसती माणसं एक पाऊल पुढे आली. "आन् तू गं?" एक जण मला म्हणाला. "तू कुठली?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"त्या गावात कोणत्या आळीतली?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते. तो कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन थांबतो हे आमच्या वस्तीतल्या प्रत्येक पोरीला ठाऊक असतं. तेवढ्यात कुठूनतरी दगड आला. तो भाईच्या कपाळाला, भुवईच्या वर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. त्याने हात वर केले नाहीत, उलट ते अंगाशी घट्ट धरले. पुढे कधीतरी त्याने मला सांगितलं, की हात वर केला तर मारायला उचलला असं वाटेल, म्हणून.

पाराला लागून एक घर होतं. दगडी जोत्याचं, वर पत्रे. त्या घरची बाई दारात उभी होती. पन्नाशीची असेल, डोक्यावर पदर. मी तिच्याकडे प्रश्न विचारायला गेले होते तेव्हा तिने वेळ नाही म्हणून मला दारातूनच लावून दिलं होतं. ती आता पायऱ्या उतरून गर्दीत घुसली, माझं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने भाईची कॉलर धरली आणि आम्हाला ओढतच घरात घेतलं. मागून दार लावून कडी घातली. हे सगळं इतकं अचानक झालं, की गर्दीला कळेपर्यंत आम्ही आत होतो.

आत अंधार होता. कापसाच्या गाठोड्यांचा वास. बाहेर दारावर थापा पडायला लागल्या.

"काकू, दार उघडा!"

"न्हाई उघडत," ती आतून ओरडली. "माझ्या दारात रगत सांडायचं न्हाई. पोलीस आल्यावर कुणाला धरतेन? ज्याचं दार त्याला. माझ्या लेकाला सालभर बी झालं न्हाई नोकरीला लागून. तुमची काय ती मस्ती पाराच्या पल्याड जाऊन करा."

मी तिच्याकडे बघत होते. तिचा आवाज खणखणीत होता, पण कडी तिने दोनदा चाचपून बघितली. मी म्हणाले, "मावशी, तुमचे उपकार..."

"उपकार कशाचे?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी काय तुमच्यासाठी केलं का? मला भ्याव वाटलं म्हणून केलं. गप बस तिकडं कोपऱ्यात."

भाई जमिनीवर बसला होता. त्याने रुमाल कपाळाला धरला होता आणि तो लाल होत चालला होता. त्याचा फोन वाजला. घरून होता. त्याने घसा साफ केला, श्वास घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "हाँ अम्मी, आरा मैं. रस्ते में हूँ. नहीं नहीं, खाना खाके आरा." फोन ठेवल्यावर त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या शेजारी बसले.

मी पोलिसांना फोन लावला होता. मार्गदर्शक बाईंनाही. आता वाट बघण्याशिवाय काही नव्हतं. वरच्या पत्र्यावर दगड पडत होते. प्रत्येक दगडाला ती बाई आपल्या पत्र्याच्या काळजीने वर बघायची. मग कुणीतरी मागच्या बाजूने यायचं म्हणत होतं. मागच्या दाराला उखळ लावायचं तिने ठरवलं. मला ते सरकवायला लावलं, म्हणाली, "नुसती बसून काय राह्यलीस, लाव हात." उखळ सरकवताना मला एकदम रडू आलं. तिने बघितलं. थोड्या वेळाने तांब्या भरून भाईपुढे ठेवला. तो पाणी प्यायला. तांब्या परत देताना त्याने तो फडक्याने पुसला, कारण त्याला रक्त लागलं होतं. ती म्हणाली, "राहू दे."

पोलिसांची गाडी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वनरक्षकही त्यांच्यासोबत होता, मान खाली घातलेला. गर्दी पांगली होती असं नाही. ती नुसती मागे सरकून उभी होती, भिंतींना पाठ लावून, जणू सगळे केवळ बघायला आलेले. आम्हाला मधे घेऊन गाडीत बसवलं. भाईची मोटारसायकल पारापाशी आडवी पडलेली होती. टाकी चेपलेली, आरसे फुटलेले. तिचं तोंड गावाबाहेरच होतं.

मार्गदर्शक बाईंनी दोघांच्या घरी कळवलं होतं; ठाण्यात माझे वडील आणि भाईचे अब्बा आमच्या आधीच येऊन बसले होते, एकाच बाकावर. त्यांची पहिलीच भेट. अब्बांच्या हातांना काळं ऑइल तसंच होतं, काम टाकून आलेले. भाईच्या कपाळाला टाके घालून आणेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा अब्बा वडिलांना म्हणत होते, "कंडक्टर साहेब, पोरान्ला शिकवलं हे चुकलं का आपलं?"

वडील म्हणाले, "चुकलं न्हाई. पर शिकवताना हे कुणी सांगितलं न्हवतं."

गुन्हा नोंदवायचा का, असं साहेबांनी विचारलं. भाई नको म्हणाला. अब्बाही नको म्हणाले. माझ्या मनात राग होता, मी हो म्हणणार होते. भाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमचं गाव जवळ आहे. तुमची आई रोज त्याच रस्त्याने रानात जाते." मीही नको म्हणाले. विद्यापीठाने आपल्या बाजूने तक्रार केली, पोलिसांनी काही माणसांना बोलावून समज दिली. पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

बिबट्या महिन्याभराने पिंजऱ्यात सापडला. मादी होती. तिला कुठे नेलं हे कुणी सांगितलं नाही, आणि मग तिला दुसऱ्या एका तालुक्यात 'सोडल्याचा' नवा मेसेज फिरलाच. भाईने रानातलं काम सोडलं. प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतले फोटो तपासायचं काम त्याने घेतलं, आणि त्यावरच त्याचा प्रबंध झाला. चांगला झाला. आता तो परळीकडे एका कॉलेजात शिकवतो. ईदला मी जाते त्याच्याकडे. त्याच्या मुलीला प्राण्यांचं वेड आहे. ती बिबट्याची चित्रं काढते आणि तो ती भिंतीवर लावतो, पण तिला शेताच्या सहलीला पाठवायची वेळ आली की त्याला ताप येतो. खरोखरचा ताप. वहिनी सांगत होत्या.

माझा प्रबंध मीही पुरा केला. त्या दिवसाचं प्रकरण त्यात लिहावं की नाही यावर मार्गदर्शक बाईंशी खूप बोलणं झालं. त्या म्हणाल्या, संशोधकाने स्वतःला मधे आणू नये. मी म्हणाले, मी मधे आलेलेच होते, बैलगाडी माझ्यासाठीच आडवी लावली होती. शेवटी ते प्रकरण प्रबंधात राहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तेच पान उघडून विचारलं, की लोक तुमच्यावर का चिडले, असं तुम्हाला वाटतं? मी तयार केलेलं उत्तर विसरले. मी म्हणाले, "सर, बिबट्याला हात लावता येत नव्हता. आम्हाला लावता येत होता." त्यांनी पान उलटून पुढचा प्रश्न विचारला.

पदवी मिळाल्यावर मी आमच्या सगळ्या निष्कर्षांचं एक साध्या मराठीतलं पुस्तक केलं. ऊस आणि रानडुकरं, संडासाला पाणी नसणं, रात्रीची लाईट, अफवा कशी चालते, असं सगळं. विद्यापीठाने ते छापलं. ते घेऊन मी त्याच गावात गेले. वडील म्हणाले, मीही येतो. आम्ही दोघं भाड्याच्या गाडीने गेलो. पारापाशी गाडी आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा पारावर दोन म्हातारे पत्ते खेळत होते.

शाळेच्या एका वर्गात वाचन ठेवलं होतं. थोडी माणसं आली. कीर्तनवाला आला नाही. शेंगा देणारे सासरे आले, सगळ्यात पुढे बसले, आणि मी बोलत असताना एकदाही माझ्याकडे न बघता ऐकत राहिले. मी लाईटबद्दल वाचलं तेव्हा मात्र लोक बोलायला लागले. दिवसा लाईट मिळावी म्हणून अर्ज करायचा, त्याला हे पुस्तक जोडायचं, असं एकाने सुचवलं. बाया पाण्याचं बोलल्या. कुणी त्या दिवसाचं काढलं नाही. मीही काढलं नाही. तो दिवस सगळ्यांच्या मधे बसलेला होता, एवढं मला जाणवत होतं.

ती बाई उशिरा आली आणि दाराजवळ उभी राहिली. वाचन संपल्यावर लोक निघाले तशी ती माझ्याजवळ आली. मी वाकून पाया पडायला गेले तर मागे सरली. पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, "ह्याच्यात माझं नाव हाय का?"

"नाही मावशी. कुणाचंच नाव नाही."

"घराचं? पाराजवळचं वगैरे?"

"तेही नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. "लेकाची बदली झाली आता औरंगाबादला. त्याच्या सायबानं वाचलं बिचलं तर." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तो पोरगा? डोक्याला लागलं होतं त्यो?"

"बरा आहे. शिकवतो."

तिने मान हलवली आणि ती गेली. तिच्यासाठी आणलेलं पुस्तक माझ्या हातातच राहिलं.

परतताना दिवस अजून बराच वर होता. त्या भागातली ऊसतोड संपली होती, रान उघडं पडलं होतं, लांबवरची बाभळसुद्धा स्पष्ट दिसत होती. लपायला कुठे जागा नव्हती. वडील पुढच्या सीटवर डुलक्या घेत होते. तरी मी माझ्या बाजूची काच वर केली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गरम हुईन." मी म्हणाले, "होऊ द्या."